ताशी ४०० वस्तू : गोदामातल्या रोबोंवरचे पेपर वाचताना माणूस कुठे शोधायचा?

पीएचडीची तयारी करताना पेपर वाचायची एक पद्धत आपोआप अंगवळणी पडते. आधी सारांश, मग थेट निष्कर्ष, मधे जमलं तर एखादा आलेख. पेपर ढीगभर आणि दिवस मोजके, त्यामुळे यात गैर काही नाही. पण काही पेपरांत महत्त्वाची गोष्ट निष्कर्षात सापडतच नाही. ती एखाद्या साध्या आकड्यात असते. लेखकांनी तो तुलनेपुरता दिलेला असतो आणि आपणही तो वाचून पुढे सरकतो.

आज अशाच एका आकड्याबद्दल बोलू. आकडा आहे ताशी ४००. विषय आहे ऑनलाइन खरेदीची मोठी गोदामं, तिथले रोबो आणि तिथली माणसं. मी विज्ञान शाखेचा, कामगार-अर्थशास्त्र हा काही माझा प्रांत नाही. त्यामुळे "रोबो नोकऱ्या खाणार का?" याचं उत्तर इथे मिळणार नाही. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. ज्या पेपरांचा हवाला देऊन ही चर्चा होते, त्यांत माणूस कोणत्या रूपात येतो? माझं म्हणणं असं की बहुतेक ठिकाणी तो स्थिरांक म्हणून येतो. आणि प्रत्यक्ष गोदामात रोबो आल्यावर सगळ्यात जास्त बदलतं ते त्याचंच काम.

आकडा पहिल्यांदा भेटतो तिथे

२०१५ साली सिएटलमध्ये रोबोटिक्सच्या आयसीआरए या परिषदेत ॲमेझॉनने एक स्पर्धा भरवली, ॲमेझॉन पिकिंग चॅलेंज. 'पिकिंग' म्हणजे रॅकच्या कप्प्यातून हवी ती वस्तू काढून खोक्यात ठेवणं. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण कप्प्यात पुस्तक, मऊ खेळणं, चकचकीत प्लॅस्टिकमधलं पाकीट असं सगळं एकमेकांना चिकटून पडलेलं असतं. आपला हात ते न बघताही वेगळं करतो, रोबोला मात्र तिथेच घाम फुटतो. रोबोने माणसाच्या मदतीशिवाय २० मिनिटांत १२ वस्तू काढायच्या होत्या. जिंकला बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठाचा आरबीओ हा संघ. त्यांनी रोबोच्या हाताला व्हॅक्यूम क्लिनरची नळी जोडली होती आणि १० वस्तू बरोबर काढल्या होत्या.

या स्पर्धेवर निकोलस कॉरेल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये विश्लेषणाचा पेपर लिहिला. पेपर चांगला आहे. कोणत्या संघाने काय वापरलं, काय फसलं, कशामुळे फसलं, हे त्यात प्रामाणिकपणे मांडलंय. रोबोटिक्समध्ये येऊ बघणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. त्याच्या सारांशातच आपला आकडा येतो : माणूस याहून अवघड स्वरूपातलं हेच काम ताशी सुमारे ४०० या वेगाने, अगदी कमी चुका करत करू शकतो. सर्वोत्तम रोबोचा वेग होता ताशी ३० च्या आसपास आणि फसण्याचं प्रमाण १६ टक्के.

रोबोचे ३० कुठून आले ते आपल्याला हिशेब करून पाहता येतं. २० मिनिटांत १० वस्तू, म्हणजे तासाला ३०. स्पर्धेची परिस्थिती, वस्तूंची यादी, वेळ, गुण, सगळं लिहिलेलं आहे. आता ४०० कडे बघा. कोणता माणूस? किती तास काम केल्यावर? पाळीच्या पहिल्या तासाला की नवव्या? एक आठवडा हे काम केल्यावर की एक वर्ष? ३० हा मोजलेला आकडा आहे आणि त्याच्या मोजणीच्या अटी आपल्यासमोर आहेत. ४०० मात्र पाण्याचा उत्कलनबिंदू सांगावा तसा येतो, आणि उत्कलनबिंदूसुद्धा हवेचा दाब सांगितल्याशिवाय पूर्ण होत नाही, हे आपण अकरावीतच शिकतो.

लेखकांवर हा आरोप नाही. त्यांचा विषय रोबो आहे आणि त्यांना तुलनेसाठी एक रेघ हवी होती. प्रत्येक पेपराला आपली चौकट आखावीच लागते. अडचण पुढे होते. पाच-दहा पेपरांतून फिरून आला की हा आकडा 'माणसाची क्षमता' म्हणून रुळतो आणि त्यामागच्या अटी कुणी विचारत नाही.

चालणं कुठे गेलं?

आता थोडं मागे जाऊ. ॲमेझॉनच्या गोदामातले रोबो आले किव्हा सिस्टिम्स या कंपनीकडून. मिक माउंट्झ यांनी ती २००३ मध्ये सुरू केली. २०१२ मध्ये ॲमेझॉनने ती ७७.५ कोटी डॉलरला विकत घेतली. किव्हाच्या तिघा कर्त्यांनी, म्हणजे वुर्मन, डी'अँड्रिया आणि माउंट्झ यांनी, २००८ मध्ये 'एआय मॅगझिन'मध्ये पेपर लिहिला होता. शेकडो रोबोंची गोदामात सांगड कशी घालायची, हा त्याचा विषय. यातले वुर्मन वर सांगितलेल्या २०१६ च्या पेपराचेही सहलेखक आहेत. म्हणजे दोन्ही पेपर एकाच विचारधारेतले आहेत, असं समजून वाचायला हरकत नाही.

कल्पना फार सुंदर आहे. पूर्वीच्या गोदामात पिकर रॅकच्या ओळींमधून चालत जायचा, वस्तू शोधायचा, पुढच्या ओळीत जायचा. किव्हाने उलटं केलं. माणूस जागेवर उभा, आणि जमिनीलगतचा चपटा रोबो अख्खा रॅक खालून उचलून त्याच्यापुढे आणून उभा करतो. वस्तू काढून झाली की तो रॅक जातो, दुसरा येतो. रोबो वस्तूला हातही लावत नाही. उचलण्याचं काम तेव्हाही माणसाच्या हाताकडेच राहिलं. पेपराच्या सारांशातला मुख्य दावा असा की माल कामगाराकडे आणल्याने उत्पादकता दुप्पट किंवा त्याहून जास्त होते.

ही 'दुप्पट किंवा जास्त' उत्पादकता शरीराच्या बाजूने काय असते, ते एक कागद घेऊन करून बघा. हे आकडे मी उदाहरणापुरते धरतोय. समजा, जुन्या गोदामात पिकरची तासातली ४० मिनिटं चालण्यात जातात आणि २० मिनिटं प्रत्यक्ष उचलण्यात. तासाला तो १०० वस्तू उचलतो, म्हणजे एका वस्तूला १२ सेकंद. आता रोबो आले, चालणं संपलं, ६० च्या ६० मिनिटं उचलण्याला मिळाली. हाताचा वेग तोच १२ सेकंद ठेवला तरी तासाला ३०० वस्तू होतात. हात जरासुद्धा भरभर चालवलेला नाही, तरी खांद्याने, कंबरेने, मनगटाने केलेल्या हालचाली तिप्पट झाल्या. ताशी ४०० गाठायच्या तर दर ९ सेकंदाला एक वस्तू. कधी वाकून खालच्या कप्प्यातून, कधी शिडीच्या पायरीवर चढून वरच्या कप्प्यातून.

गणितात ती ४० मिनिटं 'वाया जाणारा वेळ' होती. शरीरासाठी ती वेगळी होती. पायांना ते कष्टच होते, पण खांद्याला तेवढ्यात उसंत मिळत होती. ही काही माझी नवी कल्पना नाही. वजन उचलण्याच्या कामाची सुरक्षित मर्यादा काढण्यासाठी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचं एक समीकरण आहे. १९९१ च्या सुधारित रूपात ते २३ किलोपासून सुरू होतं आणि एकेका घटकाने गुणत खाली येतं. वस्तू शरीरापासून किती लांब आहे, किती वळावं लागतं आणि मिनिटाला किती वेळा उचलावं लागतं, हे त्यातले घटक. उचलण्याची वारंवारता वाढली आणि काम लांबलं की मर्यादा घसरते. म्हणजे शरीरशास्त्राच्या बाजूने माणूस आधीपासूनच चल राशी होता. 'उत्पादकता' या एका शब्दात आल्यावर त्याचा स्थिरांक झाला.

आता दुसरा धागा. 'रिव्हील' ही अमेरिकेतली शोधपत्रकारिता करणारी संस्था. ॲमेझॉनच्या गोदामांवर तिने २०१९ आणि २०२० मध्ये मोठे वृत्तांत दिले. त्यांत कामगारांच्या टार्गेटची माहिती होती. पूर्वी तासाला साधारण १०० वस्तू उचलणाऱ्या पिकरकडून रोबो असलेल्या गोदामात ४०० पर्यंत अपेक्षा ठेवली जाऊ लागली.

पुन्हा ४००! पेपरातला आकडा याच टार्गेटवरून घेतला, असा माझा दावा नाही. मुद्दा एवढाच की एका लेखनात तो 'माणूस करू शकतो' या वाक्यात येतो आणि दुसऱ्यात 'माणसाने केलंच पाहिजे' या वाक्यात. पहिल्यात ते निसर्गाने दिलेलं मोजमाप वाटतं. दुसऱ्यात दिसतं की ताशी ४०० हा रोबो, रॅक, स्कॅनर आणि व्यवस्थापन यांच्या मांडणीतून तयार झालेला वेग आहे. चालत जाऊन वस्तू आणणारा माणूस ताशी ४०० ला पोहोचूच शकत नाही. म्हणजे रोबोची तुलना आपण 'माणसाशी' करतोय असं वाटतं, तेव्हा ती बहुधा आधीच्या रोबोने वेग वाढवलेल्या माणसाशी होत असते.

नोकऱ्या मोजणाऱ्या पेपरांत काय होतं?

आता अभियांत्रिकी सोडून अर्थशास्त्राकडे वळू. इथे सगळ्यात गाजलेला पेपर म्हणजे ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न यांचा, २०१३ चा. अमेरिकेतले ७०२ व्यवसाय घेऊन त्यांनी प्रत्येकाला संगणकीकरणाची शक्यता दिली आणि सांगितलं की ४७ टक्के रोजगार जास्त जोखमीच्या गटात आहे. हा ४७ तुम्ही कुठे ना कुठे नक्की ऐकला असेल. हाताने माल हलवणाऱ्या मजुरांना त्यांनी ०.८५ दिले, मालाची आवक-जावक लिहिणाऱ्या कारकुनांना ०.९८.

पद्धत मात्र फार कमी जण वाचतात. ७०२ पैकी ७० व्यवसायांवर यंत्र-शिक्षणातल्या तज्ज्ञांच्या मदतीने हाताने शिक्का मारला : हे पूर्ण यंत्राकडे जाऊ शकतं की नाही, १ किंवा ०. मग अमेरिकेच्या ओ-नेट या व्यवसाय-माहितीसाठ्यातले नऊ गुणधर्म घेतले. बोटांचं कौशल्य, अडचणीच्या जागेत काम, वाटाघाटी, दुसऱ्याची काळजी घेणं, असे. त्यावर गणिती प्रतिमान शिकवलं आणि उरलेल्यांची शक्यता काढली. म्हणजे ०.८५ हा गोदामात जाऊन मोजलेला आकडा नाही. तज्ज्ञांच्या अंदाजावर शिकलेल्या प्रतिमानाने केलेला अंदाज आहे. यात फसवणूक नाही, लेखकांनी सगळं लिहिलंय. पण दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे दिसले की आपण नकळत मान झुकवतो.

२०१६ मध्ये अर्न्ट्झ, ग्रेगरी आणि झीराहन यांनी ओईसीडीसाठी याला उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं, व्यवसाय हे एकक चुकीचं आहे. यंत्र अख्खा व्यवसाय नेत नाही, त्यातली काही कामं नेतं. एकक बदलल्यावर ओईसीडीतल्या २१ देशांत जास्त जोखमीतले रोजगार सरासरी ९ टक्क्यांवर आले. ४७ आणि ९! जग तेच, फक्त मोजण्याचं एकक बदललं. संशोधन शिकणाऱ्यासाठी याहून चांगला धडा नाही.

पण मला वाटतं, ९ टक्केवाल्यांचीही एक पायरी राहते. पिकरच्या कामाचे तुकडे पाडा : चालणं, शोधणं, उचलणं, स्कॅन करणं. चालणं रोबोने नेलं. कामांच्या यादीतून एक ओळ खोडली, बाकीच्या तीन तशाच राहिल्या, असं हा हिशेब धरतो. प्रत्यक्षात त्या तशाच राहिल्या नाहीत. चालणं गेल्यामुळे उचलणं तिप्पट झालं. एक काम काढलं की उरलेल्या कामांची घनता बदलते, आणि ती कोणत्याच रकान्यात येत नाही.

तिसरा पेपर म्हणजे असेमोग्लू आणि रेस्ट्रेपो यांचा, २०२० चा. हा अंदाजावर नाही, प्रत्यक्ष आकडेवारीवर आहे. अमेरिकेत दर हजार कामगारांमागे एक रोबो वाढला की रोजगाराचं लोकसंख्येशी प्रमाण ०.२ टक्के-बिंदूंनी आणि वेतन ०.४२ टक्क्यांनी कमी होतं, असं त्यांनी दाखवलं. पद्धत भक्कम आहे. पण गोदामाविषयी बोलताना हा पेपर पुढे केला जातो, तेव्हा दोन गोष्टी तपासा. एक, त्यांचा मुख्य कालखंड १९९० ते २००७ आहे. किव्हाचा तेव्हा जेमतेम आरंभ झाला होता. दोन, त्यांची रोबोंची मोजणी आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाची आहे, आणि तिथे 'औद्योगिक रोबो' म्हणजे मुख्यतः कारखान्यातले तीन किंवा जास्त अक्षांचे यांत्रिक हात. गोदामात माल वाहणारे फिरते रोबो महासंघ वेगळ्या, 'सेवा रोबो' या वर्गात मोजतो. म्हणजे ज्या पेपरावरून गोदामातल्या रोबोंचं भविष्य सांगितलं जातं, त्यात गोदामातला रोबो जवळपास नाहीच.

दुसऱ्या बाजूचाही एक लाडका युक्तिवाद आहे : "बघा, रोबो आले आणि नोकऱ्या वाढल्या." अमेरिकेत गोदाम क्षेत्रात २०१३ मध्ये साधारण ७ लाख लोक होते, २०२२ मध्ये १८ लाखांच्या वर गेले. ॲमेझॉनने २०२५ मध्ये आपल्याकडे १० लाख रोबो झाल्याचं जाहीर केलं, आणि माणसं १५ लाखांहून जास्त आहेत. आकडे खरे आहेत. पण याच काळात ऑनलाइन खरेदी कितीतरी पटीने वाढली. रोबो नसते तर किती माणसं लागली असती, ही तुलना केल्याशिवाय 'रोबोंमुळे वाढल्या' असं म्हणता येत नाही. पाऊस पडला आणि छत्र्या वाढल्या, म्हणून छत्र्यांनी पाऊस आणला असं होत नाही.

माणूस चल राशी झाला की काय दिसतं

माणसाला स्थिरांक न धरणारं संशोधन आहे का? आहे, आणि ते वाचताना डोकं चांगलंच तापतं.

रिव्हीलने २०२० मध्ये ॲमेझॉनच्या सुमारे १५० गोदामांच्या दुखापतींच्या नोंदी मिळवून प्रसिद्ध केल्या. त्यांच्या हिशेबाने २०१६ ते २०१९ या काळात रोबो असलेल्या गोदामांत गंभीर दुखापतींचं प्रमाण रोबो नसलेल्यांपेक्षा ५० टक्क्यांहून जास्त होतं. 'गंभीर' म्हणजे ज्यामुळे रजा घ्यावी लागली किंवा काम बदलून हलकं द्यावं लागलं, अशी. कंपनीने हा अर्थ नाकारला. आपण दुखापती जास्त काटेकोरपणे नोंदवतो म्हणून आकडे मोठे दिसतात, असं तिचं म्हणणं होतं.

मग बर्च, ग्रीनवुड आणि रवींद्रन यांचा अभ्यास आला. नाव गमतीदार आहे, 'लूसी अँड द चॉकलेट फॅक्टरी'. १९५० च्या दशकातल्या एका अमेरिकी विनोदी मालिकेत लूसी चॉकलेटच्या कारखान्यात लागते, पट्टा वेगाने फिरायला लागतो आणि ती बिचारी चॉकलेटं तोंडात, टोपीत कोंबत सुटते. त्यावरून हे नाव. ॲमेझॉनच्या गोदामांवरचा त्यांचा निष्कर्ष : रोबो असलेल्या गोदामांत गंभीर दुखापती ४० टक्क्यांनी कमी, पण कमी गंभीर दुखापती ७७ टक्क्यांनी जास्त.

एक म्हणतो गंभीर दुखापती वाढल्या, दुसरा म्हणतो घटल्या. कुणीतरी खोटं बोलतंय? घाई करू नका. आधी 'गंभीर'ची व्याख्या दोन्हीकडे शोधा. अमेरिकेत ओशा या सुरक्षा यंत्रणेकडे मोठ्या आस्थापना ३००अ नावाचा वार्षिक तक्ता देतात. त्यात मृत्यू, रजेचे प्रसंग, काम बदललेले किंवा मर्यादित केलेले प्रसंग आणि इतर नोंदी असे वेगवेगळे रकाने असतात. कुठल्या दोन रकान्यांची बेरीज करून तिला 'गंभीर' म्हणायचं, यावर उत्तर फिरतं. दुसरं म्हणजे तुलना कशाशी? रोबोंची गोदामं बहुधा नवी असतात आणि छोट्या वस्तूंची असतात. जुन्या गोदामांत मोठा माल असतो. नुसती सरासरी घेतली तर रोबोचा परिणाम आणि मालाचा परिणाम एकमेकांत मिसळतात. वृत्तांताला ही गुंतागुंत पूर्ण सोडवता येत नाही, अभ्यासाला काही प्रमाणात येते.

दोन्ही समोर ठेवून माझं मत असं : पडणं, आदळणं, हाड मोडणं हे फिरतीच्या कामातले धोके. माणूस एका जागी उभा राहिला की ते घटू शकतात, आणि ही रोबोंची खरी कमाई आहे, ती मान्य करावी. पण त्याच वेळी तेच तेच उचलून खांदा भरणं, स्नायू ताणणं, मनगट दुखणं वाढू शकतं. यंत्राने धोका नुसता कमी किंवा जास्त केला नाही, त्याचा प्रकार बदलला. एका फटक्यात होणारी इजा घटली आणि रोज थोडी थोडी साचणारी वाढली. आणि साचणाऱ्या इजेची नोंद होणं नेहमीच अवघड असतं, कारण ती कोणत्या तारखेला झाली हे सांगताच येत नाही.

यात रोबोचा दोष किती आणि टार्गेटचा किती, हा पुढचा प्रश्न. तेच रोबो ठेवून टार्गेट ३०० केलं तर? संशोधनाच्या भाषेत ही दोन वेगळी चलं आहेत, पण आकडेवारीत ती एकत्र येतात, कारण रोबो आला की टार्गेट वाढतंच. कायद्याने ती वेगळी केली आहेत. कॅलिफोर्नियात २०२१ मध्ये संमत होऊन २०२२ पासून लागू झालेला 'एबी ७०१' हा कायदा रोबोंबद्दल काहीच म्हणत नाही. तो टार्गेटबद्दल बोलतो. गोदाम कामगाराला त्याचं टार्गेट लेखी द्या, आणि जेवणाची सुट्टी, विश्रांती किंवा स्वच्छतागृहाला जाणं अशक्य होईल असं टार्गेट लावू नका. पेपरांमध्ये जो आकडा स्थिरांक होता, तो विधिमंडळाने चल राशी मानला.

आपल्याकडे : दर आणि रेट

हे सगळं अमेरिकेचं झालं. पण महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याकडे या विषयात एक मोठा फायदा आहे, तो म्हणजे आपला इतिहास.

माल उचलणाऱ्या माणसासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा केला, माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांची चळवळ होती. कायद्याने मंडळं आली. कामगाराची आणि मालकाची नोंद मंडळाकडे, मजुरी आणि वरची लेव्ही मालक मंडळात भरणार, मंडळ ती कामगारापर्यंत पोहोचवणार. या व्यवस्थेतल्या उणिवांवर आणि वादांवर भरपूर लिहिता येईल. पण आपल्या प्रश्नापुरती एक गोष्ट लक्षात घ्या. इथे 'दर' हा शब्द पैशाचा आहे. एवढा माल उचलला की एवढे रुपये, आणि तो ठरवताना समोरासमोर घासाघीस होते. रोबोंच्या गोदामातला 'रेट' वेळेचा आहे. पगार ठरलेला, आणि एका तासात किती, हे पडद्यावरून कळतं. हमालाला दराविषयी बोलायला समोर माणूस असतो. पिकरला रेटविषयी बोलायचं तर समोर स्क्रीन असते.

भिवंडीच्या परिसरात गोदामांचा पसारा किती आहे, हे मुंबई-नाशिक रस्त्याने जाणाऱ्याला सांगायला नको. गोदामाचे रोबो आता इथेही बनतात. ग्रेऑरेंज ही कंपनी २०११ ची. नोएडाच्या ॲडव्हर्बमध्ये रिलायन्सने २०२२ मध्ये मोठी हिस्सेदारी घेतली. म्हणजे यंत्र पोहोचलं. पण ओशाच्या तक्त्यासारखी, गोदामागणिक दुखापती मोजणारी खुली फाइल आपल्याकडे नाही. बर्च आणि सहकाऱ्यांनी जे केलं ते इथे त्याच पद्धतीने करताच येणार नाही. त्यांचा पेपर घेऊन 'भारतीय संदर्भात' असं शीर्षक लावणं सोपं आहे, पण विदा आणणार कुठून? त्याऐवजी काही जणांच्या पाळीचं बारकाईने निरीक्षण, दर ९ सेकंदाची हालचाल मोजणं, कामाआधी आणि कामानंतर पकडीची ताकद तपासणं, असं छोटं पण स्वतःच्या हाताने मोजलेलं काम जास्त मोलाचं ठरेल.

प्रस्ताव लिहिण्याआधी

या विषयावरचा कोणताही पेपर, आणि तुमचा स्वतःचा प्रस्तावही, चार प्रश्नांतून काढून बघा.

१. एकक काय आहे? व्यवसाय, काम, तास की शरीर? ४७ आणि ९ यांच्यातलं अंतर आठवा.

२. 'रोबो' म्हणजे नेमका कोणता? कारखान्यातला हात की गोदामातली फिरती गाडी? मोजणीत तो आहे का?

३. तुलनेची रेघ कुठून आली? ती मोजलेली आहे की गृहीत? ज्या अटींत मोजली, त्या लिहिल्यात का?

४. माणूस स्थिरांक आहे की चल राशी? स्थिरांक असेल तर तो तसा का धरला, याचं कारण दिलंय का?

चौथ्याचं उत्तर "आमच्या विषयाची ती मर्यादा आहे" असं असेल तर तेही चालेल, फक्त ते पेपरात लिहिलेलं हवं. मार्गदर्शक म्हणतील, विषय आवरता ठेव. बरोबरच आहे, सगळं एका प्रबंधात मावत नाही. पण पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य मावतं : 'मानवी वेग ताशी अमुक धरला असून, तो अमुक ठिकाणी, पाळीच्या अमुक तासात मोजला आहे.' हे वाक्य लिहायला बसाल तेव्हा कळेल की त्यासाठी कुणीतरी गोदामात जाऊन, घड्याळ हातात घेऊन, एका माणसाशेजारी पाळी संपेपर्यंत उभं राहायला हवं. रोबोवर काम करणाऱ्यांपैकी निदान काहींनी तरी तेवढं उभं राहावं.